अतिदक्षतेच्या दाराबाहेरचे औषध

मराठीत 'वात झाला' असा एक जुना शब्दप्रयोग आहे. ताप डोक्यात गेलेला माणूस बरळू लागला, समोर नसलेल्या माणसांशी बोलू लागला, हवेत हात मारू लागला, की घरातील जाणती मंडळी म्हणत, 'वात झालाय, एकटे सोडू नका.' या वाक्याचा उत्तरार्ध अधिक मोलाचा होता. कोणीतरी उशाशी बसे, हात हातात घेई, नावाने हाक मारी. रुग्णाला बरे करण्याचे सामर्थ्य त्या काळी फारसे नव्हते; पण त्याला त्याच्या माणसांत धरून ठेवण्याची रीत मात्र होती. आज चित्र नेमके उलटे झाले आहे. रुग्णाला जगविण्याचे सामर्थ्य वाढले आहे, वात झालेले रुग्णही पुष्कळ आहेत. पण ते अतिदक्षता विभागात असतात आणि त्यांना एकटे न सोडणारी माणसे दाराबाहेर बसलेली असतात.

धाराशिव जिल्ह्यातील ढोकीचेच उदाहरण घ्यावे. लातूर-बार्शी रस्त्यावरचे, साखर कारखान्यामुळे परिचित झालेले आणि संत गोरोबाकाकांच्या तेरचे शेजारी असलेले हे गाव. तेथील एखाद्या सत्तरीतल्या शेतकऱ्याचा न्यूमोनिया बळावला, हृदयविकाराचा झटका आला किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरला, तर रात्री-अपरात्री गाडी करून धाराशिव, मुरूडमार्गे लातूर अथवा येडशीमार्गे बार्शी-सोलापूर गाठावे लागते. रुग्ण आत जातो आणि थोड्याच वेळात एक पिशवी बाहेर येते. तिच्यात त्याचे कपडे असतात, गळ्यातली माळ असते, चष्मा असतो, कवळी असते, असलेच तर श्रवणयंत्र असते. मुलगा ती पिशवी मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसतो. आपल्या हाती उपचाराचाच एक भाग बाहेर आला आहे, याची त्याला कल्पना नसते. आणि खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळदा रुग्णालयालाही नसते.

वेड नव्हे, मेंदूचा विकार

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून निरोप येतो, 'बाबा फार त्रास देताहेत.' ते सलाईन उपटतात, नाकातील नळी ओढतात, भिंतीवर मुंग्या चालताना पाहतात, परिचारिका आपल्याला मारायला टपली आहे असे म्हणतात, कधीच गेलेल्या भावाला हाका मारतात. कुटुंब हादरते. कोणी म्हणतो वेड लागले, कोणी म्हणतो बाहेरची बाधा, कोणी म्हणतो म्हातारचळ. क्वचित कोणी सुचवितो, की आता घरी नेलेलेच बरे. बरा होऊ शकणारा रुग्ण अशा वेळी केवळ गैरसमजापोटी उपचार अर्धवट टाकून गावी नेला जाण्याचा धोका असतो.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला 'डिलिरियम' म्हणतात. हे वेड नव्हे आणि वार्धक्यातला स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे हळूहळू येतो. डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो, सकाळी कमी असतो, रात्री उसळतो. मूळ आजार, प्राणवायूची कमतरता, रक्तातील साखर वा क्षार यांचा बिघाड, वेदना, निद्रानाश आणि काही औषधे या साऱ्यांच्या भाराखाली मेंदूचे काम विस्कळीत होते. सर्वांत आधी ढासळते ते लक्ष. त्याचा एक प्रकार फार फसवा आहे. त्यात रुग्ण आरडाओरडा करीत नाही. तो निपचित पडून राहतो, हाक मारली तर क्षणभर पाहतो आणि पुन्हा विझतो. 'आज शांत आहेत' अशी नोंद होते आणि मेंदूचा विकार कोणाच्या ध्यानातच येत नाही.

हा विकार तात्पुरता असतो, म्हणून क्षुल्लक मानण्याची चूक होते. अमेरिकेत अतिदक्षता विभागातील ८२१ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ७४ टक्के रुग्णांना रुग्णालयात असताना डिलिरियम झाला होता. तीन महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा दर दहांपैकी चौघांची बौद्धिक क्षमता डोक्याला मध्यम स्वरूपाचा मार लागलेल्या माणसाइतकी उतरलेली आढळली. आणि ज्यांचा डिलिरियम अधिक दिवस टिकला, त्यांची घसरण अधिक होती. त्यापूर्वी, २००४ मध्ये, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांच्या पाहणीत डिलिरियम झालेल्यांपैकी ३४ टक्के सहा महिन्यांत दगावल्याचे दिसले होते; न झालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. या मृत्यूंचे खापर एकट्या डिलिरियमवर फोडता येणार नाही, कारण मुळात अधिक आजारी असलेल्यांनाच तो अधिक होतो. पण धोक्याची घंटा म्हणून तो ओळखलाच पाहिजे. गावी परतलेला बाप पूर्वीसारखा हिशेब करीत नाही, बाजारातून अर्धेच सामान आणतो, नातवाचे नाव विसरतो, याची मुळे त्या आठ-दहा दिवसांत असू शकतात.

सुईने न सुटणारा प्रश्न

रुग्ण अनावर झाला, की आपल्याकडे सहसा दोन उपाय होतात. मनगटे पलंगाला बांधली जातात आणि गुंगीचे इंजेक्शन दिले जाते. दोन्हींमागे परिचारिकांची अगतिकता असते, दुष्टपणा नसतो. रात्रपाळीला मोजके हात आणि त्यांच्या हवाली अनेक जीव, अशा स्थितीत उपटलेली नळी म्हणजे प्राणावरचे संकट ठरते. पण बांधल्याने भय वाढते, हालचाल थांबते. आणि गुंगीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन वर्गातील औषधांमुळे डिलिरियमचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे.

यावरचे हुकमी औषध म्हणून हॅलोपेरिडॉलचे नाव अनेक वर्षे घेतले जात होते. २०१८ मध्ये अमेरिकेतील ५६६ रुग्णांवर त्याची काटेकोर परीक्षा झाली. हे औषध, त्याच कामाचे दुसरे एक औषध आणि निव्वळ नावाचे, निष्क्रिय औषध अशी तिहेरी तुलना करण्यात आली. डिलिरियमचे दिवस कोणत्याही औषधाने कमी झाले नाहीत. २०२२ मध्ये युरोपात सुमारे एक हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीतही हॅलोपेरिडॉलमुळे रुग्ण रुग्णालयाबाहेर अधिक दिवस जगल्याचे निःसंशय सिद्ध झाले नाही. अमेरिकेतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा औषधांचा सरसकट वापर टाळावा आणि बिनऔषधी उपायांचा एकत्रित संच वापरावा, असे सांगितले.

याचा अर्थ औषधे निरुपयोगी आहेत असा कोणी काढू नये. जंतुसंसर्गाला प्रतिजैविके लागतात, वेदनेला वेदनाशामक लागते, दारू अचानक सुटल्यामुळे होणाऱ्या उन्मादाला तर योग्य औषध तातडीनेच द्यावे लागते. डिलिरियम दिसला, की आधी त्याचे शारीरिक कारण शोधणे हे डॉक्टरांचेच काम आहे. परंतु मूळ कारणावर उपचार चालू असताना भरकटलेल्या मेंदूला किनाऱ्याशी बांधून ठेवणारा दोर सुईतून मिळत नाही, एवढे आता स्पष्ट झाले आहे.

साध्या गोष्टींचा संच

तो दोर कोणता, याचे पहिले ठोस उत्तर १९९९ मध्ये अमेरिकेतील येल-न्यू हेवन रुग्णालयातून आले. सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांच्या या अभ्यासात निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली, तर उरलेल्यांच्या बाबतीत सहा गोष्टींकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्यात आले : स्थळकाळाचे भान, झोप, हालचाल, दृष्टी, श्रवण आणि शरीरातील पाणी. चष्मा डोळ्यांवर, श्रवणयंत्र कानात, दिवसातून काही वेळा चालणे, झोपण्यापूर्वी कोमट पेय आणि पाठीला मालिश, रात्री शांतता. नेहमीच्या गटात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्क्यांना. यातील पुष्कळसे काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केले होते. एक मर्यादाही दिसून आली. एकदा सुरू झालेला डिलिरियम या उपायांनी विशेष सौम्य झाला नाही. म्हणजे खरा लाभ प्रतिबंधात आहे. पहिल्या दिवसापासून करण्यात आहे.

हे रुग्ण साध्या कक्षांतील होते. अतिदक्षता विभागाबाबतचा दाखला २००९ मधला आहे. श्वसनयंत्रावरील १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना अगदी आरंभापासून रोज काही वेळ गुंगीतून जागे करून हातपाय हलविणे, पलंगाच्या कडेला बसविणे, जमल्यास उभे करणे असा व्यायाम दिला गेला. त्यांचा डिलिरियम सरासरी दोन दिवस टिकला, इतरांचा चार दिवस. घरी जाताना स्वतःची कामे स्वतः करू शकणारे या गटात ५९ टक्के होते, दुसऱ्या गटात ३५ टक्के. आपल्याकडे 'आराम करू द्या' हीच शुश्रूषेची परिसीमा मानली जाते. त्या समजुतीला हे आकडे धक्का देतात.

अतिदक्षता विभागाची वास्तू मात्र या साऱ्याच्या विरोधात उभी असते. खिडकी नसते किंवा पडद्याआड असते. दिवे चोवीस तास जळतात. यंत्रे सतत किणकिणतात. मध्यरात्री रक्त काढले जाते, पहाटे तीनला अंग पुसले जाते. कोंबडा आरवला की उठणाऱ्या आणि दिवेलागणीला दिवस संपविणाऱ्या ढोकीच्या शेतकऱ्याचा काळच तेथे विरघळून जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मधील आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात अनावश्यक गोंगाटाची गणना रुग्णावरील क्रौर्यात केली होती. रात्री दिवे मंद करणे, तातडीची नसलेली कामे एकत्र उरकून सलग चार-पाच तास झोप मिळू देणे, यंत्रांचे विनाकारण वाजणारे इशारे आटोक्यात ठेवणे, दिवसा पडदा उघडणे, समोर ठळक अंकांचे घड्याळ लावणे, यांपैकी कोणत्या गोष्टीला कोटींचा निधी लागतो?

बंद दार आणि बिनकामाची भेट

या संचातील सर्वांत मोठे साधन मात्र दाराबाहेर बसलेले असते. ते म्हणजे ओळखीचा चेहरा आणि ओळखीचा आवाज. बहुतेक अतिदक्षता विभागांत भेटीची वेळ ठरावीक आणि अपुरी असते. त्यामागे जंतुसंसर्गाची भीती सांगितली जाते. ती अगदीच निराधार नाही. पण हात स्वच्छ धुतलेला एक मुलगा हा दिवसभर खाटाखाटांवरून फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांहून अधिक धोकादायक ठरण्याचे कारण नाही. डॉक्टरांचे दुसरे भय अधिक खरे आहे. एका रुग्णामागे जीप भरून माणसे येतात, आत रडारड होते, प्रश्नांची सरबत्ती होते, कधी प्रकरण हातघाईवर जाते. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, ही समाजाला भूषणावह गोष्ट नाही. दार बंद होण्यात नातेवाइकांच्या बेशिस्तीचाही वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

दार पूर्ण बंद झाले तर काय होते, हे कोरोनाकाळाने दाखविले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौदा देशांतील २,०८८ कोरोना रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिकांना डिलिरियम झाल्याचे आढळले. ज्यांना कुटुंबीयांची भेट घडली, मग ती प्रत्यक्ष असो वा मोबाइलच्या पडद्यावरची, त्यांच्यात धोका कमी होता. महाराष्ट्रातील कित्येक घरांनी त्या दोन वर्षांत आपले माणूस आत गेलेले पाहिले आणि पुन्हा पाहिलेच नाही. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या, चेहरा नसलेल्या आकृतींमध्ये त्या रुग्णांचे अखेरचे दिवस गेले. ती त्या वेळची अपरिहार्यता होती. आज तीच कायमची शिस्त म्हणून चालू ठेवण्यास आधार नाही.

तथापि, दार नुसते उघडून भागत नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करायला हवे. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत भेटीची मुदत दिवसाला बारा तासांपर्यंत वाढवून पाहण्यात आली. २०१९ मधील त्या अहवालानुसार डिलिरियमचे प्रमाण २०.१ टक्क्यांवरून १८.९ टक्क्यांवर आले. म्हणजे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कुटुंबीयांची चिंता आणि खिन्नता मात्र बरीच कमी झाली, आणि संसर्ग वाढला नाही. नेदरलँड्समधील दहा अतिदक्षता विभागांत परिचारिकांकडून असा उपायसंच राबविण्यात आला. २०२१ मध्ये त्याचेही अपेक्षित फळ दिसले नाही. मग काय समजायचे? जादूची कांडी कोणाकडेच नाही. मात्र औषधांची परीक्षा झाली तेव्हा तीही कमीच पडली. आणि त्यांना दुष्परिणाम आहेत, चष्म्याला नाहीत. ब्राझीलच्या अनुभवातून घ्यायचा धडा असा, की पलंगाशेजारी अवघडून बसलेला नातेवाईक हा पाहुणा राहतो. त्याला नेमून दिलेले काम हवे.

उपस्थात्याचे आसन

आपल्या परंपरेत या कामाला नाव आहे आणि स्थानही आहे. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हवी, असे तेथे म्हटले आहे. त्याच ग्रंथात रुग्णाच्या निवासाची सिद्धता सांगताना गायन, वादन आणि कथाकथन जाणणारी माणसे जवळ असावीत, असाही निर्देश आहे. मात्र 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे म्हणून छाती फुगविण्याचा हा विषय नाही. ग्रंथात उपस्थात्याला आसन होते आणि आज त्याचा वारस व्हरांड्यात फरशीवर झोपतो, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. चारांतील एक पाय काढून घेतलेली चौरंगी डळमळणारच.

त्या आसनावर बसणाऱ्याने काय करावे? दिवसातून अनेकदा साध्या शब्दांत सांगावे, 'आबा, तुम्ही लातूरच्या दवाखान्यात आहात, छातीत कफ झाला होता, आता बरे होताय, मी इथेच आहे.' इंग्रजी तारीख विचारून उपयोग नाही. ज्याचे आयुष्य वार, तिथी आणि पिकाच्या हिशेबाने गेले, त्याला आज कोणता वार, श्रावण लागला की नाही, सोयाबीन कोठवर आले, हे सांगावे. भास होत असतील तर वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. 'मला मुंग्या दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय' एवढे पुरे. चष्मा पुसून लावावा. डॉक्टरांच्या अनुमतीने हातपाय हलवावेत. नळ्यांना हात लावू नये आणि विचारल्याविना पाण्याचा घोटही पाजू नये, कारण तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. रात्री मात्र उठून बाहेर यावे आणि त्याला झोपू द्यावे.

रुग्णाची सर्वांत अचूक पारखही याच माणसाला असते. २००१ पासून जगभर वापरली जाणारी एक छोटी चाचणी आहे. ठरावीक अक्षर ऐकू आले की हात दाबायचा; मग 'दगड पाण्यावर तरंगतो का', 'समुद्रात मासे असतात का' असे हो-नाहीचे प्रश्न. साक्षरतेची अट नाही, वेळ दोन मिनिटांचा. तरीही सेतुबंधाच्या कथा ऐकत वाढलेला एखादा वारकरी आजोबा दगड तरंगतो म्हणाला, तर तो भ्रमात आहे की श्रद्धेत, हे त्याचा मुलगाच सांगू शकेल! म्हणूनच 'आज हे नेहमीसारखे नाहीत' हे नातेवाइकाचे वाक्य परिचारिकेने नाडीच्या नोंदीइतक्याच गांभीर्याने लिहून घ्यावे.

करण्याजोगे

रुग्णालयांनी दार सताड उघडावे अशी मागणी कोणी करणार नाही. एका रुग्णामागे एक ठरलेला नातेवाईक, त्याला अर्ध्या तासाची शिकवण, हात धुण्याची सक्ती, दिवसा काही तास आत बसण्याचा अधिकार आणि बेशिस्त वर्तन केल्यास तो अधिकार रद्द, एवढी व्यवस्था कोणतेही रुग्णालय उद्यापासून करू शकते. आत जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदपत्रावर 'चष्मा, कवळी, श्रवणयंत्र' अशी एक ओळ वाढवावी. कुटुंबांनीही बाहेर घोळका करण्याचे सोडून एका शांत स्वभावाच्या माणसाची निवड करावी. मग तो सर्वांत मोठा मुलगा असलाच पाहिजे असे नाही, धाकटी सूनही असू शकेल.

आणि ज्यांचे कोणी नाही त्यांचे काय? मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असलेली वृद्ध जोडपी आता प्रत्येक गावात आहेत. येलच्या त्या प्रयोगात परक्या माणसांनी परक्या वृद्धांना चालवले, वाचून दाखवले. सेवेची परंपरा महाराष्ट्रातही कमी नाही. १९६६ मध्ये काही तरुण डॉक्टरांनी लातूरला विवेकानंद रुग्णालय उभे केले, ते मराठवाड्याला उत्तम उपचार मिळावेत या ध्येयाने. जनकल्याण समितीची रुग्णसाहित्य केंद्रे गावोगावच्या घरांना चाकाची खुर्ची, वॉकर, पलंग पुरवीत आली आहेत. वस्तू उसनी देता येते, तसा वेळही देता येतो. निवृत्त शिक्षक, गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थी यांना चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन आठवड्यातून दोन तास एखाद्या रुग्णालयाला जोडून घेणे, हे कोणत्याही शाखेला, भजनी मंडळाला वा महिला मंडळाला अशक्य नाही.

अतिदक्षता विभागात यंत्रे रुग्णाचा श्वास राखतात, रक्तदाब राखतात. आपण कोण, कोठे आहोत, कोणाचे आहोत, ही जाणीव राखण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. ते काम माणसालाच करावे लागते, आणि ते करू शकणारा माणूस आज दाराच्या चुकीच्या बाजूला बसला आहे. त्याला आत घ्या, काम द्या. आणि आत जाताना ती पिशवीही सोबत नेऊ द्या.